वर्सोव्याच्या वाळूखालून जाणारा ध्रुवित प्रकाश

अंधेरी पश्चिमेची वर्सोवा चौपाटी मुंबईकरांना माहीत आहे ती कोळीवाड्यामुळे, सकाळच्या मासळीमुळे आणि २०१५ पासून तिथे चाललेल्या किनारा स्वच्छतेच्या मोहिमेमुळे. गेल्या दोन दशकांत या किनाऱ्याला आणखी एक महत्त्व आले आहे, पण ते डोळ्यांना दिसत नाही. भारताला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या समुद्री केबली फार थोड्या ठिकाणी जमिनीवर चढतात: मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम. २०२३ च्या सुमारास देशात अशा १७ आंतरराष्ट्रीय केबली होत्या आणि त्या उतरण्याची केंद्रे १४. यांतला सर्वांत मोठा भार मुंबईवर आहे, आणि मुंबईच्या बहुतेक केबली वर्सोव्याच्या जेमतेम सहा किलोमीटरच्या पट्ट्यात वाळूखालून आत शिरतात.

बोरिवलीच्या घरातून मस्कतला केलेला व्हिडिओ कॉल, मुलुंडच्या अभियंत्याने फ्रँकफर्टच्या सर्व्हरवर चढवलेली फाइल, घाटकोपरच्या व्यापाऱ्याने अँटवर्पला पाठवलेले बिल, हे सगळे या वाळूखालून लेसरचा प्रकाश होऊन जाते. त्या प्रकाशाची तरंगलांबी १५५० नॅनोमीटरच्या आसपास असते, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या आवाक्याच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश. तो किती प्रखर आहे आणि कोणत्या रंगाचा आहे, या दोन गोष्टी कुणालाही सुचतील. त्याचा तिसरा गुण फारसा कुणाच्या मनात येत नाही. तो गुण म्हणजे ध्रुवीकरण, प्रकाशाच्या कंपनाची दिशा. वर्सोव्यातून जाणाऱ्या माहितीपैकी निम्मी माहिती या एका गुणाच्या जोरावर जाते. आणि माझी अशी पक्की धारणा आहे की अरबी समुद्राच्या तळाशी काय हालचाल चालली आहे, याची खबर देण्याची ताकदही याच गुणात आहे. ती आपण अजून वापरायला घेतलेली नाही.

आधी हा गुण नीट समजून घेऊ. धक्क्याला बांधलेल्या होडीचा दोर हातात धरून वरखाली हलवला तर त्यातून उभी लाट जाते. डावी-उजवीकडे हलवला तर आडवी लाट जाते. दोन्ही लाटा पुढेच जातात, त्यांचा वेगही सारखाच असतो, पण दोर हलतो त्या दिशा वेगळ्या. प्रकाशात हलते ते विद्युत क्षेत्र, आणि तेही प्रकाश ज्या दिशेने चालला आहे तिच्याशी काटकोनात. उभे, आडवे किंवा मधल्या कुठल्याही तिरप्या कोनात ते हलू शकते. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे ते गोल फिरतही पुढे जाऊ शकते, उजवीकडून किंवा डावीकडून. याला वर्तुळाकार ध्रुवीकरण म्हणतात.

सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रकाशात ही दिशा ठरलेली नसते. असंख्य अणू आपापल्या मर्जीने प्रकाश सोडत असतात आणि सगळ्या दिशांची सरमिसळ होते. मात्र आकाशाच्या निळ्या रंगात, पाण्यावरून किंवा ओल्या डांबरावरून परावर्तित झालेल्या चकाकीत काही प्रमाणात एकच दिशा उरते. आपल्या डोळ्यांना ती जवळपास कळत नाही. मधमाशीला कळते. ढगांआडून निळ्या आकाशाचा छोटासा तुकडा दिसत असला तरी त्यातल्या ध्रुवीकरणावरून ती सूर्य कुठे असेल हे ओळखते, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले.

माणसाला या गुणाचा सुगावा लागला तो एका दगडातून. १६६९ मध्ये डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिन यांनी आइसलँडहून आलेल्या पारदर्शक कॅल्साइटच्या खड्यातून पाहिले, तेव्हा खालच्या प्रत्येक रेघेच्या दोन रेघा दिसल्या. कॅल्साइटमध्ये शिरलेल्या प्रकाशाचे दोन वाटे होतात, एकमेकांशी काटकोनात कंप पावणारे, आणि दोघांचा वेग वेगळा असतो. त्याचा उलगडा व्हायला दीडशे वर्षे लागली. १८०८ मध्ये पॅरिसला एतिएन मालुस यांनी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेले मावळते ऊन अशाच खड्यातून पाहिले आणि खडा फिरवल्यावर दोन प्रतिमांची प्रखरता बदलते हे त्यांच्या लक्षात आले. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी प्रकाशाचे कंपन त्याच्या वाटेशी काटकोनात असते हे मांडले आणि कोडे सुटले. हे कॅल्साइट आपल्याला परके नाही. दख्खनच्या लाव्हाच्या पोकळ्यांमध्ये, झिओलाइटच्या शेजारी, ते महाराष्ट्रात ठिकठिकाणी सापडते. अंधेरीतली गिल्बर्ट हिल, ६१ मीटर उंचीच्या काळ्या दगडी खांबांची टेकडी, त्याच लाव्हायुगाची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची.

ध्रुवित प्रकाशाशी महाराष्ट्राचा धंद्याचाही जुना संबंध आहे. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचा ‘पोल’ काढतात, तो याच गुणावर. साखरेच्या रेणूची घडण अशी एकांगी आहे की तिच्या द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाशाची दिशा वळत जाते. २६ ग्रॅम शुद्ध साखर १०० मिलिलिटर द्रावणात असेल आणि नळी २० सेंटिमीटर लांब असेल, तर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची दिशा सुमारे ३४.६ अंशांनी वळते. दिशा किती वळली यावरून रसात साखर किती हे कळते, आणि त्यावर कारखान्याच्या उताऱ्याचे सारे गणित उभे राहते. कोल्हापूर-सांगलीच्या केमिस्टच्या रोजच्या तोंडचा ‘पोल’ हा शब्द आणि वर्सोव्याच्या केबलीतले तंत्र, दोन्हींच्या मुळाशी एकच भौतिकी आहे.

आता लेसर. आइनस्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार, उत्तेजित अणूजवळून प्रकाशकण गेला तर तो अणूही तसाच प्रकाशकण सोडतो: तोच रंग, तीच दिशा, तीच लय आणि तेच ध्रुवीकरण. १९६० मध्ये थिओडोर मैमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर मिळवला. भारतात हे तंत्र फार उशिरा आले असे नाही. मुंबईच्याच उपनगरी जिल्ह्यात, ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात, १९६० च्या दशकातच गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार झाला आणि त्याच्या प्रकाशावरून ट्रॉम्बे ते कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था असा हवेतून संदेशही पाठवण्यात आला. तेव्हा काचतंतूंची केबल कुठेच नव्हती.

लेसरचा प्रकाश ध्रुवित असतोच असे मात्र नाही, आणि हा मुद्दा पुस्तकांत बहुधा निसटतो. प्रत्येक नवा प्रकाशकण आधीच्याची नक्कल करतो हे खरे, पण कुठल्या दिशेची नक्कल वाढीला लागणार हे लेसरच्या पेटीची रचना ठरवते. हेलियम-निऑन लेसरच्या नळीच्या टोकांना विशिष्ट कोनात तिरप्या काचा बसवल्या की एका दिशेच्या कंपनाला काचेतून जाताना तोटा होत नाही आणि दुसऱ्या दिशेचे कंपन दर फेरीला थोडे थोडे गळत जाते. अखेर एकच दिशा उरते. त्या कोनाला डेव्हिड ब्रूस्टर यांचे नाव आहे. अर्धवाहक लेसरमध्ये प्रकाश अतिशय पातळ थरात कोंडलेला असतो आणि त्या थराला समांतर कंपनच जोमाने वाढते. म्हणून रस्त्यावर मिळणाऱ्या साध्या लेसर पॉइंटरचा प्रकाशही बहुतांशी ध्रुवित निघतो. ध्रुवित काचांचा गॉगल पॉइंटरसमोर धरून, त्यातून पार झालेल्या प्रकाशाचा ठिपका भिंतीवर पाडून पॉइंटर त्याच्या अक्षाभोवती फिरवला की ठिपका मंद होत जातो आणि पुन्हा उजळतो. मालुस यांचा नियम इथे आकड्यांनिशी दिसतो: कोन ४५ अंश असताना निम्मा प्रकाश पार होतो, ६० अंशांना पाव, ९० अंशांना जवळपास काहीच नाही. हा प्रयोग करताना लेसर कुणाच्याही डोळ्यांकडे वळता कामा नये, गॉगल घातलेला असला तरीही.

पत्रा कापणाऱ्या कारागिरालाही हा गुण गाठतो. कार्बन डायऑक्साइड लेसरचा प्रकाश एकाच दिशेने ध्रुवित असेल, तर काप त्या दिशेने चालला असताना स्वच्छ आणि अरुंद पडतो, पण त्याच्या काटकोनात गेला की कड तिरकी होते. म्हणजे चौकोन कापला तर दोन बाजू चांगल्या, दोन वाईट. उपाय असा की वाटेत एक खास लेप दिलेला आरसा बसवून प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित करून घेतात. मग सगळ्या दिशा सारख्याच. अलीकडे ज्यांनी हे काम हाती घेतले आहे त्या फायबर लेसरांचा प्रकाश सहसा कुठल्याच एका दिशेने ध्रुवित नसतो, त्यामुळे ती अडचणच उरली नाही.

वर्सोव्याकडे परत येऊ. खोल समुद्रातली केबल साधारण २ सेंटिमीटर जाडीची असते. किनाऱ्याजवळ, जिथे जाळी आणि नांगर यांचा धोका, तिथे तिच्यावर पोलादी तारांचे थर चढवून ती आणखी जाड करतात. मधोमध काचतंतू, भोवती पोलाद, तांब्याची नळी आणि प्लास्टिकचे आवरण. प्रत्येक तंतूची काच १२५ मायक्रॉन व्यासाची, आणि प्रकाश त्याच्याही मधल्या सुमारे १० मायक्रॉनच्या गाभ्यातून जातो. काच कितीही शुद्ध असली तरी १५ ते २० किलोमीटरांत निम्मा प्रकाश विरतो. म्हणून दर ६० ते १०० किलोमीटरांवर तळाशी एक प्रवर्धक ठेवलेला असतो. त्यात अर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेला काचतंतू असतो आणि तो येणाऱ्या प्रकाशाला तसाच्या तसा बळ देतो. त्याला लागणारी वीज किनाऱ्यावरून तांब्याच्या त्याच नळीतून हजारो व्होल्टच्या दाबाने पाठवतात. ३० डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या किनाऱ्याला लागलेली सी-मी-वी ६ ही केबल सिंगापूर ते फ्रान्स अशी सुमारे २१,७०० किलोमीटर लांब आहे आणि तिच्यात तंतूंच्या १० जोड्या आहेत.

एकेका तंतूतून अधिकाधिक माहिती कशी पाठवायची, हा या धंद्याचा कायमचा प्रश्न आहे. आधी प्रकाश चालू-बंद करून माहिती पाठवत. मग एकाच तंतूत शेजारशेजारच्या डझनावारी तरंगलांबी घातल्या. तेही पुरेना तेव्हा अभियंते ध्रुवीकरणाकडे वळले. काटकोनात कंप पावणारे दोन प्रकाश एकाच गाभ्यातून, एकाच रंगाने, एकाच वेळी गेले तरी एकमेकांत विरघळत नाहीत. म्हणून पाठवणाऱ्या टोकाला एका लेसरचा प्रकाश दोन भागांत विभागतात, प्रत्येकावर स्वतंत्र माहिती कोरतात, आणि एक उभा व एक आडवा करून पुन्हा एकत्र तंतूत सोडतात. तंतू तोच, रंग तोच, माहिती दुप्पट.

पण तंतू काही ही उभी-आडवी शिस्त पाळत नाही. गाभा कुठे किंचित लंबगोल असतो, कुठे केबल पिळली जाते, कुठे तापमान बदलते, कुठे दाब पडतो. अशा प्रत्येक ठिकाणी काच थोडीशी कॅल्साइटसारखी वागू लागते आणि प्रकाशाची दिशा वळते. हजारो किलोमीटरांनंतर उभा म्हणून निघालेला प्रकाश कुठल्या कोनात पोहोचेल, की गोल फिरत पोहोचेल, हे आधी सांगताच येत नाही. शिवाय ते दर क्षणी बदलत असते. त्यामुळे ध्रुवीकरणावर माहिती लादणे ही कल्पना कित्येक वर्षे कागदावरच राहिली.

मला या साऱ्या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो तो या अडचणीवरचा उपाय. दोन प्रकाश वाटेत कितीही वळले तरी ते जोडीने वळतात आणि त्यांच्यातला काटकोन टिकून राहतो. घेणाऱ्या टोकाला आलेला प्रकाश स्थिर अशा दोन दिशांमध्ये फोडला, तर प्रत्येक वाट्यात दोन्ही संदेशांची मिसळ मिळते, पण ती मिसळ चारच संख्यांनी पुरती सांगता येते. त्या संख्या कळल्या की शाळेतल्या दोन समीकरणांप्रमाणे दोन्ही संदेश वेगळे काढता येतात. अडचण वेगाची होती. सेकंदाला अब्जावधी चिन्हे येत असताना हे गणित न थांबता करायचे, आणि त्या चार संख्या बदलतील तशा बदलत राहायच्या. घेणाऱ्या टोकाला स्वतःचा एक लेसर ठेवून आलेल्या प्रकाशाशी त्याची सांगड घालायची, म्हणजे प्रखरतेबरोबर लयही मोजता येते, आणि मग एका चिपवर ही उकल करायची. अशी यंत्रणा २००८ च्या सुमारास नॉर्टेल या कॅनडाच्या कंपनीने बाजारात आणली. आज खोल समुद्रातल्या प्रत्येक नव्या केबलीच्या दोन्ही टोकांना हीच रीत असते.

वर्सोव्यात उतरलेली माहिती पुढे रस्त्यांखालच्या तंतूंतून डेटा सेंटरांकडे जाते. चांदिवलीच्या परिसरात एनटीटी आणि इक्विनिक्स यांची अशी केंद्रे आहेत. या छोट्या अंतरांवर अडचण वेगळी असते: ती चिप वीज फार खाते. पवईच्या आयआयटी मुंबईत विद्युत अभियांत्रिकी विभागात शलभ गुप्ता यांच्या गटाने यावर काम केले आहे. दोन ध्रुवीकरणांची मिसळ सोडवण्याचे गणित आकड्यांत न उतरवता थेट ॲनालॉग विद्युत मंडलात केले, तर विजेची मोठी बचत होते, हा त्यांचा मार्ग. त्याच आवारात भौतिकशास्त्र विभागात गोपाल दीक्षित आणि त्यांचे सहकारी लेसरच्या ध्रुवीकरणाचा निराळा उपयोग शोधत आले आहेत. बर्लिनच्या माक्स बोर्न संस्थेतल्या शास्त्रज्ञांबरोबर २०२१ मध्ये त्यांनी दाखवले की उजवीकडे आणि डावीकडे फिरणारे, एकाची वारंवारता दुसऱ्याच्या दुप्पट असलेले दोन लेसर झोत एकत्र केले, तर विद्युत क्षेत्राची वाट तीन पाकळ्यांच्या आकृतीसारखी होते. ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या एकपदरी थराच्या, षटकोनी जाळीवर ती आकृती बरोबर जुळवली की इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या दोन ‘दऱ्यां’पैकी हव्या त्या एका दरीत अधिक भरता येतात. शुद्ध ग्राफीनमध्ये हे जमणार नाही असे तोवर मानले जात असे. त्यांचे काम सैद्धांतिक आहे, पण माहिती साठवण्याची एक नवी वाट त्यातून दिसते.

या साऱ्या ध्रुवीकरणांचा हिशेब ठेवायला एक गोल वापरतात. आंरी प्वँकारे यांनी १८९२ मध्ये सुचवले की ध्रुवीकरणाची प्रत्येक अवस्था एका गोलावरचा एक बिंदू मानावी: विषुववृत्तावर सगळ्या सरळ दिशा, दोन ध्रुवांवर डावे आणि उजवे वर्तुळाकार कंपन, मधल्या भागात लंबगोल. १९५६ मध्ये बंगळूरला एस. पंचरत्नम या बावीस वर्षांच्या तरुणाने, सी. व्ही. रामन यांच्या भाच्याने, या गोलावर एक अद्भुत गोष्ट शोधली. प्रकाशाची अवस्था गोलावर फिरून पुन्हा पहिल्या बिंदूवर आली तरी प्रकाश पूर्वीसारखा उरत नाही. फेरीने जेवढे क्षेत्र वेढले त्याच्या निम्म्याइतका फरक त्याच्या लयीत पडतो. मायकेल बेरी यांनी १९८४ मध्ये पुंज भौतिकीत हीच कल्पना व्यापक रूपात मांडली तेव्हा कुठे जगाला पंचरत्नम यांच्या कामाचे मोल कळले. ते मात्र त्याआधीच, पस्तिशीत, वारले होते.

केबलीच्या टोकाची चिप दर क्षणी गोलावरचा हाच हिशेब करते: प्रकाशाचा बिंदू प्वँकारेच्या गोलावर कुठे सरकला हे शोधते, तेवढी दुरुस्ती करते आणि तो आकडा टाकून देते. तिच्या दृष्टीने तो नुसता अडथळा असतो. पण प्रकाशाची दिशा वळते ती केबल हलल्यामुळे किंवा दाबली गेल्यामुळे. म्हणजे त्या टाकून दिलेल्या आकड्यांत केबलीवर काय गुदरले याची नोंद असते.

हा विचार काही लोकांनी तडीस नेला. गूगलची क्युरी ही केबल लॉस एंजेलिसहून चिलीच्या वाल्पारायसोपर्यंत १०,००० किलोमीटरहून अधिक जाते. कॅल्टेकचे झोंगवेन झान आणि गूगलचे अभियंते यांनी तिच्या नेहमीच्या वाहतुकीतूनच ध्रुवीकरणाचे आकडे वेगळे काढून ठेवले. नवा लेसर नाही, समुद्रात नवे उपकरण नाही. खोल समुद्राचा तळ इतका शांत असतो की तिथे प्रकाशाचा बिंदू गोलावर फार हळू सरकतो, आणि म्हणून धक्का बसला की तो उठून दिसतो. सुमारे नऊ महिन्यांत त्यांना मध्यम ते मोठे असे वीसेक भूकंप दिसले. त्यांत २८ जानेवारी २०२० चा जमैकाजवळचा ७.७ तीव्रतेचा आणि जून २०२० मधला मेक्सिकोच्या ओआहाका भागातला ७.४ तीव्रतेचा भूकंप होता. वादळांनी उठवलेल्या लांब लाटांचा तळावर पडणारा दाबही त्यात उमटला. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले.

ते वाचताना वर्सोव्याच्या माणसाला २८ नोव्हेंबर १९४५ आठवायला हवा. त्या दिवशी पहाटे आजच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्यासमोर समुद्राखाली सुमारे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्सुनामीच्या लाटा अरबी समुद्र ओलांडून सकाळी आठ-सव्वाआठच्या सुमारास मुंबईला पोहोचल्या, उंची साधारण दोन मीटर. तेव्हाच्या वृत्तपत्रांतल्या नोंदींनुसार वर्सोव्यात पाच आणि हाजी अलीजवळ सहा माणसे बुडाली. दांडा आणि जुहूला कोळ्यांच्या होड्या दोर तोडून वाहून गेल्या. भूकंप आणि लाट यांच्यात चार तासांहून अधिक वेळ होता. तेवढ्या वेळात समुद्राकाठच्या सगळ्या पाड्यांना हाक देऊन वर नेता आले असते. पण सांगणार कोण, आणि त्याला तरी कुठून कळणार?

आज ते सांगणारी संस्था आहे. हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्रात ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामीची इशारा यंत्रणा चालते. भूकंपमापक, भरतीमापक आणि समुद्रतळावरचे दाबमापक यांच्या आकड्यांवर ती निर्णय घेते. मकरान आणि सुमात्रा-अंदमान ही दोन क्षेत्रे तिच्या खास नजरेखाली आहेत. मात्र अरबी समुद्राच्या विस्ताराच्या मानाने तळावरची उपकरणे मोजकी आहेत, आणि ती बसवणे व टिकवणे महागाचे काम आहे. त्याच तळावर मुंबईहून पश्चिमेला निघालेल्या केबली मात्र रात्रंदिवस प्रकाशाने भरलेल्या पडून आहेत. मकरान किनाऱ्यावरच्या पासनीच्या समुद्रापासून मुंबई सुमारे १,२०० किलोमीटर. जमिनीतून येणाऱ्या भूकंपलहरीला एवढे अंतर कापायला दोन ते तीन मिनिटे लागतात. काचेतला प्रकाश ते सेकंदाच्या दीडशेव्या भागात कापतो.

या पद्धतीच्या मर्यादा स्पष्ट आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही. ध्रुवीकरणात जो बदल दिसतो तो केबलीच्या सबंध लांबीचा एकत्रित असतो. धक्का ओमानजवळ बसला की मुंबईजवळ, हे एका केबलीवरून सांगता येत नाही. दोन-तीन केबलींच्या नोंदी वेळेनुसार जुळवाव्या लागतात, किंवा प्रवर्धकांवरून परत फिरणारा प्रकाश मोजून केबलीचे तुकडे वेगळे पाडावे लागतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या जुझेप्पे मार्रा यांच्या गटाने अतिस्थिर लेसर वापरून २०२२ मध्ये असे तुकडे पाडून दाखवले. दुसरी अडचण जमिनीवरची आहे. किनारा सोडून तंतू शहरात शिरला की मेट्रो, ट्रक, खोदकाम आणि उन्हातला तापमानबदल यांनी प्रकाशाची दिशा सतत डळमळते. म्हणून मोजणी किनारा-केंद्रातच झाली पाहिजे, शहराच्या गोंगाटाच्या अलीकडे. त्सुनामीची लाट तर इतकी सावकाश चढते-उतरते की तापमानाच्या संथ बदलातून ती वेगळी ओळखणे भूकंपाच्या धक्क्याहून पुष्कळ कठीण आहे. तेव्हा या केबलींकडून पहिली अपेक्षा भूकंपाची झटपट खबर एवढीच ठेवावी. लाट उठली की नाही हे ठरवायला दाबमापक लागतीलच.

केबली खासगी कंपन्यांच्या आणि देशोदेशींच्या संघांच्या मालकीच्या असतात, आणि कुठल्या केबलीत काय दिसते हे बाहेर सांगायला कुणी चटकन राजी होत नाही. तरी जगात हालचाल सुरू झाली आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, जागतिक हवामान संघटना आणि युनेस्कोचा महासागर आयोग यांनी २०१२ मध्ये केबलींना संवेदक जोडण्यासाठी संयुक्त कृतिगट नेमला आणि पोर्तुगालने अझोर्स-मदेरा बेटांच्या नव्या केबलीत असे संवेदक घालायचे ठरवले. ध्रुवीकरणाच्या मार्गाला तर नव्या केबलीचीही गरज नाही. लागतात ते घेणाऱ्या चिपमधले तीन-चार आकडे, सेकंदाला काही वेळा नोंदवलेले, ज्यांत कुणाच्या संदेशाचा एक शब्दही नसतो.

कंपन्यांनी ते आकडे जपून ठेवावेत याला त्यांचा स्वतःचाही स्वार्थ पुरेसा आहे. जगात दरवर्षी समुद्री केबलींमध्ये दीडशे ते दोनशे बिघाड होतात आणि त्यांतले बहुतेक मासेमारीच्या जाळ्यांनी किंवा जहाजांच्या नांगरांनी. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि भारतातल्या इंटरनेटचा मोठा भाग आठवडाभर लंगडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात बुडत चाललेल्या ‘रुबीमार’ जहाजाच्या फरफटणाऱ्या नांगराने तीन केबलींचे नुकसान झाले. नांगर केबलीवर घासू लागला की ती तुटण्याआधीच प्रकाशाची दिशा झपाट्याने वळू लागते. वर्सोव्यासमोरच्या उथळ समुद्रात, जिथे सहा किलोमीटरांत एवढ्या केबली एकवटल्या आहेत आणि तिथेच कोळ्यांच्या बोटी रोज जा-ये करतात, अशी आगाऊ सूचना मिळाली आणि जागाही कळली तर किनारा-केंद्रातला माणूस रेडिओवरून जवळच्या बोटीला नांगर उचलायला सांगू शकेल, आणि केबल व जाळे दोन्ही वाचतील.